दोन हात तेल

सोनूबाईच्या अंगाला वास येतो, हे मी आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं. मोरी माशाच्या तेलाचा वास. तो साबणाने जात नाही, शिकेकाईने जात नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने नाक धरलं म्हणून तर मुळीच जात नाही. ज्याला तो सोसवत नसेल त्याने आत्ताच पान उलटावं आणि एखाद्या संस्थानिकाचं चरित्र वाचावं, बाजारात तसली ढिगाने आहेत. मला थळच्या कोळीवाड्यातल्या एका बाईबद्दल लिहायचं आहे. हिने निम्मं आयुष्य एका काहिलीपाशी, म्हणजे थोरल्या कढईपाशी, काढलं, आणि त्या काहिलीसाठी एकदा सगळ्या गावकीशी दोन हात केले.

मोरीला दक्षिणेकडे मुशी म्हणतात. दातांचा, खरखरीत कातडीचा मासा. त्याचं काळीज, म्हणजे यकृत, एवढं थोरलं की दोन हातांच्या ओंजळीत मावत नाही. ही काळजं काहिलीत घालायची, पाणी ओतायचं, खाली मंद जाळ लावायचा. दोन-तीन तासांनी तेल वर तरंगतं. ते नारळाच्या डोयीने अलगद काढायचं, फडक्यातून गाळायचं आणि घासलेटच्या रिकाम्या डब्यांत भरायचं. सांगायला सोपं आहे. करायला गेलात तर पहिल्या घटकेला डोळे चुरचुरतील, दुसऱ्या घटकेला जेवण बाहेर येईल. म्हणून तर ही काहील कोळीवाड्याच्या दक्षिणेला, शेवटच्या घरापासून शंभर पावलांवर, केवड्याच्या बनाला लागून होती.

पण त्या तेलावाचून एक होडी पाण्यात जात नव्हती. लाकूड उन्हात तडकतं आणि पाण्यात कुजतं. त्याला मोरीचं तेल पाजलं की ते वर्षभर टिकतं. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळे तांडेल, म्हणजे होड्यांचे कप्तान, सोनूबाईच्या झोपडीपुढे डबे घेऊन उभे. लग्नात मात्र हिला शेवटच्या ओळीत बसवायचे, वारा येईल त्याच्या उलट्या बाजूला. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. मी दोनदा या गोष्टीवरून भांडलो आणि दोन्ही वेळा तिनेच मला गप्प केलं. "बस रे भागोजी. मागं बसलं की वाढणारा घाईत असतो, दोनदा वाढतो."

तिचा एक नियम होता. होडीला तेल द्यायचं ते दोन हात. रंगाचा हात म्हणतो ना आपण, तसा. एक हात बाहेरून, एक हात आतून. आळशी तांडेल बाहेरून चोपडत आणि मोकळे होत. सोनूबाई स्वतः जाऊन होडीच्या आत बोट फिरवून बघायची. गुणाजी तांडेलाच्या होडीत तिचं बोट कोरडं निघालं तेव्हा मी तिथेच होतो.

"आत न्हाय लावलंस."

"काकी, पानी बाहेर असतं. आत काय लावायचं?"

"आत मासली धुतोस का न्हाय? पावसाचं पानी साचतं का न्हाय? लाकडाला दोन अंगं हायेत, गुणाजी. एक बुजवलंस आनि दुसरं उघडं ठेवलंस, तर लाकूड आतून पिनार. मंग व्हडी जड झाली म्हणून माज्याकडं रडत येऊ नको. आन तो डबा हिकडं."

डबा खरोखरच परत घेतला तिने. गुणाजीने चार दिवस मिनतवाऱ्या केल्या तेव्हा मिळाला.

सोनूबाईचा नवरा सदा, लग्नाला सहा वर्षं झाली आणि तापाने गेला. मूल नव्हतं. काहील सासूची होती, ती हिच्याकडे आली. थोरली जाऊ गोदूबाई शेजारच्याच घरात. गोदूबाईचा मुलगा कान्हा. त्याच्या जन्मानंतर गोदूबाई वर्षभर अंथरुणाला खिळली होती. त्या वर्षी कान्हा सोनूबाईच्या कडेवर वाढला. त्यामुळे त्याला त्या वासाचं काही नव्हतंच. उलट परगावी गेला की म्हणायचा, "हवेत कायतरी कमी हाय." पुढे पंचविशीतच तो तांडेल झाला. दोन्ही घरांची मान ताठ झाली.

आता सन चौतीसच्या आश्विनातली गोष्ट. मी तेव्हा चरीकडच्या शेतकऱ्यांच्या संपाच्या सभा करत हिंडत असे. सभेला पायात काहीतरी असावं म्हणून नुकताच एक जोडा घेतला होता. तो घालून मी वाळूतून सोनूबाईकडे चाललो होतो, संपाच्या पाठिंब्यासाठी होडीवाल्यांच्या सह्या गोळा करायला. तिने जाळ नुकताच पेटवला होता. कान्हा डबा घेऊन आला, काहिलीपाशी थांबला, नाक वर करून म्हणाला, "काकी, तेल करपतंय."

"करपतंय? आरं अजून कोमट न्हाय झालं! माजं तेल वीस वर्सांत करपलं न्हाय."

एवढं ती बोलतेय तोवर कान्हा ताठ झाला आणि आडवा पडला. हातपाय झाडायला लागला, तोंडाला फेस आला. सोनूबाईने त्याला काखेत धरून जाळापासून ओढलं, कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली स्वतःची मांडी दिली. एवढ्यात दहाजण धावत आले.

"जोडा! जोडा हुंगवा!"

फेफरं आलं की नाकाला जोडा लावायचा, ही आमच्याकडची रीत. पण कोळीवाड्यात जोडा आणायचा कुठून? सगळे अनवाणी. सगळ्यांचे डोळे माझ्या पायांकडे वळले. मी नको म्हणेपर्यंत एकाने तो उपसलासुद्धा, कान्हाच्या नाकाशी धरला, आणि मग स्वतः हुंगून पाहिला.

"दादा, ह्याला वासच न्हाय! कोराच हाय!"

"थोडं चालून या की!" दुसरा म्हणाला. तशाही प्रसंगात दोघे-तिघे हसले. मी त्यांना शिव्या देत होतो तेवढ्यात कान्हा आपोआप शांत झाला. डोळे उघडून त्याने इकडेतिकडे पाहिलं. "काय झालं? तेल उतरवलंस काय, काकी?"

गोदूबाई येऊन पोचली होती. तिने मुलाला पाहिलं, मग काहिलीला पाहिलं, आणि तोंड सोडलं. "सांगत व्हते मी! गेल्या म्हयन्यात अंगनात पडला, तवा पन हेच बोलला, काकीचं तेल करपलं. हिच्या ह्या घानीनं पोराचं डोकं फिरलं! ही काहील फोडा!"

"थोरले, जाळ आत्ता लावलाय—"

"तू बोलू नको! डोक्यात चरबी चढलीय तुज्या. गाव नाक धरतंय, हिला काय न्हाय!"

खरं सांगतो, गावालाही बरं वाटलं. नाक धरून धरून कंटाळलेल्या माणसाला कारण हवंच असतं. गावकीचे म्होरके बाबाजी पाटील धावत आलेल्यांत होते, त्यांनी ठरवलं की आठ दिवसांनी, होड्या परतल्या की, देवळापुढे गावकी बसेल. तोवर काहिलीखाली जाळ लागणार नाही. तिथे सिद्ध झालं तर काहील फोडायची आणि सोनूबाईने त्या धंद्याचं नाव काढायचं नाही. पंचेचाळिशीची बाई, दुसरं काही येत नाही, आणि आलं असतं तरी केलं नसतं. मी तिथेच पाटलांशी हमरीतुमरीवर आलो. सोनूबाईने माझा जोडा वाळूतून उचलून माझ्या हातात दिला. "भागोजी, भांडून काय व्हनार? पोराला डागदरकडं ने. मी पन येते. बैलगाडीत मागं बसेन."

अलिबागला डॉक्टर आवासकरांचा दवाखाना होता. आम्ही तिघे आत शिरलो आणि बाकावरचे सहा रोगी एकदम बरे झाल्यासारखे उठून अंगणात गेले. डॉक्टरांनी मात्र दीर्घ श्वास घेतला.

"मोरीचं तेल. बसा, बाई, आतच बसा. मी तेलाला भीत नाही. आवासला माझ्या आजोबांचा घाणा होता. आम्ही शनवार तेली, इथले यहुदी. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव तसं."

"मंग तुमी आनि आमी एकाच धंद्यातले," सोनूबाई म्हणाली आणि ऐसपैस बसली.

डॉक्टरांनी कान्हाचं डोकं चाचपलं. डाव्या कानाच्या वर, केसांतल्या एका व्रणावर, त्यांची बोटं थांबली. "हे काय?"

कान्हाने दाराबाहेर कुणी ऐकत नाही हे पाहून घेतलं. मग हळूच म्हणाला, "वैशाखात परमाण लागलं." परमाण म्हणजे शिडाचा आडवा वासा. "दोन घटका शुद्ध नव्हती. आयेला सांगू नका, डागदर. ती मला मंग व्हडीत पाय ठेवू देनार न्हाय."

मी गावाचा आरोप सांगितला. डॉक्टर हसले. "तेलाच्या वासाने फेफरं येत नाही हो. तेलाला मेंदू भ्यायला लागला तर जाईल कुठे? मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्यात जवळजवळ निम्मं तेलाचरबीच्याच जातीचं असतं."

"कुनाच्या मेंदूत?" सोनूबाईने विचारलं.

"सगळ्यांच्या."

"पाटलाच्या पन?"

"पाटलांच्या, मामलेदाराच्या, लाटसाहेबाच्या. सगळ्यांच्या."

सोनूबाईला ही गोष्ट एवढी आवडली की ती पुढचं ऐकायला सरसावून बसली. आणि डॉक्टरही तसेच. अंगणातले रोगी विसरून त्यांनी सांगायला घेतलं. मेंदू म्हणजे अगणित बारीक पेशी. प्रत्येकीच्या आत पाणी, बाहेरही पाणी, आणि मध्ये तेलकट जिनसांची साय, डोळ्यांना दिसणार नाही इतकी पातळ. ती साय आहे म्हणून आतलं आत राहतं, बाहेरचं बाहेर. एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो तो त्या सायीवरूनच धावत जातो. "साय धड असली की निरोप धड. परमाण लागलं तिथे काही पेशी मेल्या असतील, काहींची साय बिघडली असेल. असेल म्हणतो, मी आत शिरून पाहिलेलं नाही. मग त्यातली एखादी भलत्याच वेळी निरोप सोडते, शेजारणी तो उचलतात, आणि सगळा बाजार एकदम ओरडायला लागतो. तेच फेफरं. आपण बघतो, ऐकतो, वास घेतो, तेसुद्धा डोळ्याकानाने नाही. ते नुसते दारावरचे राखणदार. घेतो तो मेंदू."

सोनूबाई विचार करत होती. तिची एक सवय आहे, विचार करताना ती तर्जनी अंगठ्यावर घासते, तेलाचा दाटपणा बघतात तशी.

"आत पन पानी, बाहेर पन पानी?"

"हो."

"मंग ही साय एक हात हाय का दोन हात?"

"म्हणजे?"

"व्हडीला कसं, एक हात बाहेरून, एक आतून. हिकडं तर दोनी अंगाला पानीच हाय. एका हातानं भागायचं न्हाय, डागदर. एक हात आतल्या पान्याकडं तोंड करून, एक बाहेरल्या पान्याकडं. तवाच टिकंल."

डॉक्टरांनी टाक उचलला. मग कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहून घेतलं. "मला माहीत नाही, बाई. मुंबईहून मासिकं येतात, त्यांत बघून सांगतो."

मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली आहेत. बाईमाणसापुढे, तेही कोळणीपुढे, 'मला माहीत नाही' म्हणणारा हा पहिला. मी तिथल्या तिथे त्यांना मनातून मत देऊन टाकलं.

कान्हाला ब्रोमाईडचं औषध मिळालं. सुकाणू, जाळ आणि उंच जागा यांच्यापासून लांब राहायचं, अशी ताकीद मिळाली. त्याने बाटलीतला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "डागदर, समुद्र पुरत न्हाय काय? बाटलीत पन मीठ?" मला डॉक्टरांनी कागद लिहून दिला की वासाने हा रोग होत नाही. मी तो घडी करून छातीशी ठेवला. वाटलं, आता गावकीचं थोबाड फुटलं.

कसलं फुटतंय! आठव्या दिवशी देवळापुढे मी कागद मोठ्याने वाचला तेव्हा बाबाजी पाटील म्हणाले, "कागद बरा हाय. पन कागदाला नाक हाय का? पोरगा पडायच्या आधी दर वक्ताला सांगतो, काकीचं तेल करपलं. हे डागदरला कुठं म्हायत हाय?"

ते खरं होतं. अंगणात पडला तेव्हा काहील पेटलेली होती, वाळूत पडला तेव्हाही काहिलीशेजारीच. त्यामुळे वासाची गोष्ट आम्ही दवाखान्यात आरोप म्हणून सांगितली, रोगाची खूण म्हणून नव्हे. डॉक्टरांनाही ती गावची बडबड वाटली.

गोदूबाई उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शाबूत होता. "माजं पोर जातंय आनि ही अलिबागला गाडीतून हिंडतेय! चरबी चढलीय डोक्यात, चरबी!"

"चढलीय ना," सोनूबाई म्हणाली. ती शेवटच्या ओळीत, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसली होती. "डागदरनं सांगितलं. सगल्यांच्याच डोक्यात निम्मी चरबी हाय. माज्या, तुज्या, पाटलाच्या. तुजी तर आवाजावरून चांगली दाट हाय, थोरले."

गावकी हसली. पाटलांनी स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून पाहिला, मग लक्षात आलं तसा खाली घेतला. पण हसण्याने काहील वाचत नाही. पाटलांनी विचारलं, "आजून कुनाला काय सांगायचंय?"

गोदूबाईने तुळशीरामला कोपराने ढोसलं. तुळशीराम कान्हाच्या होडीवरचा खलाशी. तो नाइलाजाने उठला. "सांगायचं नव्हतं. तांडेलाची आब्रू. पन गोदूकाकी बोलतेय सांग तर सांगतो. तो दोनदा न्हाय, तीनदा पडलाय. एकदा समुद्रात. भादव्याच्या शेवटाला, खांदेरीच्या पलीकडं. सुकाणूवर व्हता. बोलला, 'काकीचं तेल करपलं रे', आनि पडला. मी सुकाणू धरलं म्हणून वाचलो."

गावकीत कालवा झाला. खांदेरी बेट किनाऱ्यापासून कुठच्या कुठे! तिथपर्यंत हिचा वास! बायांनी पदर नाकाला लावले. पाटील म्हणाले, "झालं तर मंग. एवढं लांब जाऊन मानूस पाडतो, असला वास गावाला नको."

माझं डोकं तापलं होतं, मी काहीतरी भलतंच बोलणार होतो. तेवढ्यात सोनूबाईची तर्जनी अंगठ्यावर घासताना दिसली आणि मी थांबलो.

"तुळशीराम," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "जाताना का येताना?"

"काय?"

"पडला तो, समुद्रात जाताना पडला का परत येताना?"

"येताना. दुपार कललेली. व्हडी भरलेली व्हती."

"वल्ही मारत व्हतात?"

"वल्ही कशाला? शीड फुगलं व्हतं. सुसाट येत व्हतो."

"वारा कंचा?"

तुळशीरामने मागे वळून समुद्राकडे पाहिलं.

वाचकांपैकी जे किनाऱ्यावरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई म्हणतात. त्यावर होड्या बाहेर पडतात. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून जमिनीकडे येतो, आणि त्यावर होड्या घरी येतात. कान्हाची होडी समुद्रावरच्या वाऱ्याने घराकडे येत होती. म्हणजे वारा पाठीमागून, आणि सोनूबाईची काहील समोर, किनाऱ्यावर. त्या वाऱ्यावर काहिलीचा वास गेला तर माणगावाकडे जाईल. खांदेरीपलीकडे जायला त्याला स्वतःची होडी करावी लागेल.

हे मला कळायला जेवढा वेळ लागला त्याच्या आधीच देवळापुढचे सगळे तांडेल खाली वाळूकडे बघायला लागले होते. जन्म वाऱ्यावर काढलेली माणसं, आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं! बाबाजी पाटील तर आधी लाल झाले आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"आयला," ते म्हणाले. "वाऱ्याच्या तोंडावर वास. सोनूबाय, तुजं तेल वल्ही मारत गेलं व्हय गं?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. गुणाजी तांडेल गडबडा लोळला. सोनूबाई हसत नव्हती. ती उठून पुढे आली. शेवटच्या ओळीतून पहिल्या ओळीपर्यंत, आणि कुणी नाक धरलं नाही.

"माजं तेल वीस वर्सांत करपलं न्हाय. त्या दिवशी तर कोमट पन नव्हतं. वास माज्या काहिलीत न्हाय, पोराच्या डोक्यात हाय. डागदर बोलला, वास नाक घेत न्हाय, मेंदू घेतो. परमाण लागलंय त्याला, वैशाखात. तिथलं तेल उडालंय."

परमाणाची गोष्ट कान्हाने लपवायला सांगितली होती. ती तिने भर गावकीत फोडली. कान्हाने डोकं गुडघ्यांत घातलं. गोदूबाई खाली बसली. मघाशी लढायला तिच्याकडे काहील होती. आता काहीच नव्हतं.

"म्हंजे माज्या पोराचंच डोकं..." ती म्हणाली.

जिंकलेल्या बाईने इथे घरी जायचं. ही गेली नाही. ती जावेशेजारी वाळूत बसली. "थोरले, ऐक. वास येतो आनि मंग पडतो. कितीसा वेळ असतो मधी, तुळशीराम?"

"पाच-सहा वल्ही माराय लागतील येवडा."

"मंग बरं हाय की! वास खोटा असंल, पन सांगायला येतो तो खरं सांगायला येतो. वास आला की पोरानं खाली बसायचं, आरडायचं. बाकीच्यांनी धरायचं. सुकाणू तवर तुळशीराम धरंल. माजं पोर हाय ते पन. वर्सभर माज्या दुधाव... न्हाय, माज्या पेजेवर वाढलंय."

काहील राहिली. पाटलांनी तसं सांगायचीही गरज उरली नव्हती. संध्याकाळच्या आत धूर दिसला.

पंधरा दिवसांनी डॉक्टर आवासकर स्वतः थळला आले. वाळूतून धडपडत, या वेळी मात्र रुमाल नाकाला, शंभर पावलांवरून ओरडत. "दोन हात! सोनूबाई, दोन हात!"

सोनूबाईला वाटलं कुणी भांडायला आलं. तिने डोय उगारली. मग ओळख पटली.

डॉक्टरांनी सापडलेलं सांगितलं. हॉलंडातल्या दोन शास्त्रज्ञांनी रक्तातल्या पेशींची सगळी चरबी काढून पाण्यावर पातळ पसरली आणि मोजली. पेशींच्या पृष्ठभागाच्या ती दुप्पट भरली. म्हणजे साय दुहेरी. "रक्तातल्या पेशींचं मोजलंय त्यांनी, मेंदूतल्या नाही. आणि अजून सगळ्यांना पटलेलंही नाही. पण तुमचं म्हणणं आणि त्यांचं म्हणणं एकच."

"त्यांनी पान्यावर पसरून बघितलं?"

"हो."

"शानी मानसं हायेत. तेल पान्यावर टाकलं की खरं बोलतं." आणि जरा थांबून, "कोळी हायेत का ते?"

मग मी त्यांना वाऱ्याची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. परमाणाचा मार बसला तिथून जवळच मेंदूत वासाची जागा आहे, आणि अशा रोग्यांना आधी करपट वास येतो हे त्यांच्या पुस्तकात जुन्या काळापासून छापलेलं होतं. "मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "वारा कुठला, हे आमच्या पुस्तकात नाही."

एक गंमत सांगायची राहिली. डोक्यात तेल असतं ही बातमी अलिबागपर्यंत गेली आणि परीक्षेच्या दिवसांत कुणीकुणी आईबाप बाटल्या घेऊन सोनूबाईकडे येऊ लागले. मोरीचं तेल द्या, पोराचा मेंदू वाढवायचाय. तिने एकेकाला पिटाळून लावलं. "हे व्हडीचं तेल हाय! पोराच्या डोक्यातलं तेल पोराच्या डोक्यानं केलेलं असतं. त्याला पोटभर जेवाय घाला आनि डोक्यात मारू नका, तेवडं पुरं!" डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, यात मला खोडण्यासारखं काही दिसत नाही.

कान्हा तीन वर्षं किनाऱ्यावर राहिला. होड्यांना तेल लावायचं काम त्याने घेतलं. वाळूत बसून, जाळापासून लांब. ब्रोमाईड पिऊन तो सुस्तावायचा, गोदूबाई चिडायची, तो जांभया देत हसायचा. पहिल्या दोन वर्षांत तो तीनदा पडला, तिन्ही वेळा आधी ओरडून आणि खाली बसून. मग वर्षभर एकदाही नाही. सदतीस साली डॉक्टरांनी होडीत जायला परवानगी दिली. सुकाणू नाही, खलाशी म्हणून, कमरेला दोरी बांधून. तांडेल आता तुळशीराम. पहिल्याच महिन्यात भर समुद्रात कान्हा ओरडला, "काकीचं तेल करपलं!" चौघांनी झडप घालून त्याला खाली बसवलं, दोघे वर बसले. काहीच झालं नाही. नुसता वास आला आणि गेला. अंगावरची माणसं उठेनात म्हणून मात्र त्याला बोंब मारावी लागली. तेव्हापासून त्या होडीवर काहीही चुकलं, जाळं अडकलं, भात लागला, शीड फाटलं, की हाळी तीच. काकीचं तेल करपलं!

सोनूबाईला याचा राग येतो. तिचं तेल कधीच करपलेलं नाही.

यंदा नारळी पौर्णिमेच्या आधी मी गेलो तर कान्हाची होडी आडवी घातलेली. बाहेरून सोनूबाई तेल चोपडत होती. आतून कुणीतरी खरवडल्यासारखा आवाज येत होता. डोकावलो तर गोदूबाई. नाकाला पदर बांधलेला, कोपरापर्यंत तेलाने माखलेली.

"दोन हात करताय काय दोघी?" मी म्हटलं.

"व्हय," आतून गोदूबाई म्हणाली. "आनि हिला सांग, बाहेर उन्हात पातळ लावतेय ती. मी बघितलंय."

"तू आतलं बघ, थोरले!" बाहेरून सोनूबाई ओरडली. मग होडीला वळसा घालून आली, आत वाकली आणि लाकडावरून बोट फिरवलं. बोट अंगठ्यावर घासलं. गोदूबाई पदराआडून बघत राहिली.

"बरं हाय," सोनूबाई म्हणाली. "पन त्या कोपऱ्यात आजून जरा."